दुहेरी पिळाची बंडी

काचबिंदूनं बायकोची नजर पूर्ण गेली, तसं तिनं एकेक काम सोडलं. भाजी निवडणं सोडलं, वाती वळणं सोडलं, शेवटी बोलणंही. राजापेठेतल्या आमच्या घराखाली क्लासच्या पोरांच्या गाड्यांचा गोंगाट, आणि वर ही खिडकीपाशी गप्प. मी हट्टी माणूस आहे. विजेच्या मोटारी रिवाइंड करण्यात, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळण्यात माझा जन्म गेला. जळालेली मोटार भंगारात द्या म्हणणाऱ्या गिऱ्हाइकांशी मी भांडलोय. हिला मी असं बसू देणार नव्हतो.

माझ्या साळ्यानं बार्शीटाकळीहून त्याच्या वावरातला कापूस पाठवला होता, गादीत भरायला. त्यातला थोडा, सरकीच्या बिया काढून, मी तिच्या मांडीवर ठेवला आणि हातात टकळी दिली. लहानपणी तिच्या शाळेत सूतकताईचा तास असे.

"काहून मागं लागून राहिले माह्या?" ती करवादली. "सूत काढून करायचं काय?"

"बंडी. मले थंडीत घालाले. मी विणतो."

"तुमी?" कित्येक महिन्यांनी ती हसली. माझ्यावरच हसली, पण हसली.

विणणं तिनंच शिकवलं, माझ्या बोटांवर बोटं ठेवून. सुलट टाका, उलट टाका. हातसूत कुठं जाड, कुठं बारीक. हात पळायला लागला की जाड भाग सुईवर अडायचा आणि थांबावंच लागायचं. तांब्याची तार मी आयुष्यभर घाईत गुंडाळली, कारण गिऱ्हाईक समोर उभं असायचं. इथं कोणी उभं नव्हतं. तिची टकळी फिरायची, माझे टाके पडायचे, दुपार कधी कलली ते समजायचं नाही. मला फार सुख वाटायचं, पण तिला सांगायची सोय नव्हती. लगेच चिडवलं असतं.

घोळ एवढाच, की कापड एका बाजूला कलत चाललं होतं. ओलं करून ताणलं, इस्त्री फिरवली, तरी पुन्हा तिरपं. "मस्त होऊन राहिलं," मी तिला सांगितलं. तिनं तळवा फिरवला.

"हे तं वाकडं चाल्लं. खोटं काहून बोलता?"

चूक कुठं झाली ते तिनंच ओळखलं. शाळेत सूत तुटलं की छडी बसायची, म्हणून तिच्या बोटांना घट्ट पिळाची सवय. असा एकेरी धागा विणला की त्याचा पीळ सुटायला बघतो आणि कापड ओढत नेतो. तिनं टकळी खाली ठेवली.

"झालं. आंधळ्याचं काम असंच. फेका ते."

"फेकत नाही. दोन धागे एकत्र घेऊन उलटा पीळ दे. हा पीळ त्या पिळाशी भांडत बसंल."

"मले नाही करायचं काही."

मग मीच टकळी उलटी फिरवली. सगळा गुंता झाला. ती तोंड फिरवून बसली आणि मी चरफडत झोपलो.

दुसऱ्या दिवशी मला अकोल्याला, जठारपेठेत एका मयताला जायचं होतं. शेजारच्या बाईंना लक्ष ठेवायला सांगून निघालो. बसमध्ये माझ्या मनात एकच होतं, हिनं पुन्हा कशालाच हात लावला नाही तर? मयताच्या घरीसुद्धा मी तोच विचार करत होतो, याची लाज वाटली.

संध्याकाळी परतलो तर दार उघडंच. मी चपला काढतोय तोच आतून आवाज आला, "कोन?"

"मीच."

"तुमचं सारं उसवलं मी. किती ढिले टाके ते! आता हात नका लावू."

सुया तिच्या हातात होत्या. मांडीवर दुहेरी पिळाचं सूत, आणि सुईखाली वीतभर पट्टी, अगदी सरळ. मी जवळ जाऊन ती बोटांनी चाचपली. मला रडू फुटलं आणि आवरता येईना.

"रडून काहून राहिले?" ती म्हणाली. सुया थांबल्या नव्हत्या. "बंडी तुमचीच हाय. बसा तिथं, सरकी काढा. सूत पुरत नाही मले."