तोफेच्या पायाचा पुजारी

सुरतेजवळ भेस्तानला आज जिथं यंत्रमागांच्या पत्र्याच्या शेडी आहेत, तिथं एकाहत्तरच्या लढाईत शेतात विमानं पाडायची तोफ बसवली होती. तिनं एकही विमान पाडलं नाही, कारण त्या बाजूला एकही फिरकलं नाही. लढाई संपली, तोफ गेली, मागे राहिला सिमेंटचा गोल ओटा आणि मधोमध वीतभर लोखंडी खुंटा. ओटा ओतणाऱ्या मजुरांत धुळ्याकडचा सुपडू होता. देशासाठी काय केलंस असं कुणी विचारलं असतं, तर दोन पाट्या वाळू जास्त टाकली एवढंच त्याला सांगता आलं असतं.

गंजू नये म्हणून खुंट्याला लाल रंग फासला तोही त्यानंच, आणि तोही ओघळू दिला. पुढे खानदेशातली माणसं शेजारच्या पांडेसऱ्यात गिरणीकामाला आली, त्यांना तो शेंदूर वाटला. कुणीतरी नारळ फोडला. सुपडू खरं सांगणारच होता, पण तोंडात खोबरं होतं. मग दर दिवाळीला तो स्वतःच रंगाचा एक हात मारू लागला आणि लोकांनी त्याला पुजारी ठरवलं. जन्मात मिळालेली एकुलती एक बढती, असं तो स्वतःशी म्हणायचा.

त्याची बायको इंदुबाई दर मंगळवारी देवापुढे त्याचीच गाऱ्हाणी मांडायची. पत्रा गळतो, माहेरी जाऊन चार वर्षं झाली. सुपडू मागे बसून भक्तिभावानं मान हलवायचा.

शहाण्णव साली तिचा ताप महिनाभर हटेना, खोकल्यात रक्त दिसलं. दवाखान्याचं नाव काढलं की ती म्हणायची, पाच मंगळवारांचा नवस बोलले आहे, अजून तीन राहिलेत. तीन मंगळवारांत ही हातची जाईल, अशी भीती सुपडूला वाटली.

"तो देव नही शे," तो म्हणाला. "तोफना पाया शे. शिमिट मी टाकेल शे, रंगबी मीच लायेल शे."

इंदुबाईनं विचारलं,

"मंग मी इतला वरीस कोनले सांगत व्हतू?"

"माले. मी मांगेच बसत व्हतू."

"सगळं आयकं ना? मंग कराले काय व्हयनं व्हतं तुम्हले?"

खुंट्यानं ऐकलं नाही, यात त्याचा दोष नव्हता. सुपडूला कान होते. त्यानं तिच्या अंगावर शाल टाकली आणि तो रिक्षा बघायला बाहेर पडला.