कण्यावरचा अंगठा

‘बरा आहेस ना’ असं काकीने कधी कुणाला विचारलं नाही. समोरचा माणूस पाया पडायला वाकला, की ती त्याच्या पाठीवरून हात फिरवायची आणि कमरेच्या जरा वर, कण्यावर अंगठा टेकवायची. मग निकाल! “खाणा अंगाक लागता तुझ्या.” नाहीतर, “नुसती चाय पिवन रवतस काय रे?” मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांचीही यातून सुटका नव्हती.

मी तेव्हा मालवणजवळच्या त्या गावात गुरांच्या दवाखान्यात स्टॉकमन होतो. घाटावरचा, तेवीस वर्षांचा, नवी नोकरी. ऐट काय विचारता!

काकी गावाच्या शेळ्या राखायची. शेळ्या वीस-बावीस घरांच्या, कळप मात्र एक. सकाळी ती त्यांना गावामागच्या सड्यावर, त्या कातळाच्या माळावर न्यायची, दिवेलागणीला परत आणायची. त्या बदल्यात प्रत्येक घरी पाळीपाळीने तिचं जेवण. नवरा समुद्राने नेलेला, मूलबाळ नाही. “माझी वीस घरां आसत,” ती म्हणायची, आणि ते खरंच होतं.

संध्याकाळी पाणंदीच्या तोंडाशी उभी राहून ती प्रत्येक शेळीच्या कण्यावर अंगठा फिरवायची, डोळ्याखालची पापणी ओढून आतली लाली बघायची. एकदा मला म्हणाली, “मूठ वळ.” मी वळली. तिने माझंच बोट माझ्या मुठीच्या हाडांवरून फिरवलं. “कणो असो लागलो तर उपाशी.” मग मूठ उघडून तळव्यावर फिरवलं. “असो लागलो तर बरी.” मी हसलो. माझ्याकडे वजनाचा स्प्रिंगचा काटा होता ना!

पुढे काजूची रोपं लावायची म्हणून अर्ध्या सड्याला सरकारी कुंपण पडलं. झाडपाला, करवंदीच्या जाळ्या, सगळं कुंपणाच्या आत गेलं. चैत्र लागला तशा शेळ्या उघड्या कातळावर हुंगत फिरू लागल्या. एक बाजू तरी चरायला सोडा, नाहीतर जनावरं मरतील, असा गावाने अर्ज केला. शेळ्या खरंच उपाशी आहेत का ते तपासून कळवा, असा मला हुकूम आला.

आणि इथे गावाने घोटाळा केला. मी तपासायला येणार म्हटल्यावर घरोघरी एकच काळजी, की आपली शेळी चारचौघांत हडकुळी दिसता कामा नये. अर्ज गावाचा, पण लाज ज्याच्या-त्याच्या घरची! कोणी कोणाला न सांगता प्रत्येकाने आदल्या रात्री आपल्या शेळीला पेज पाजली, वर मूठभर मीठ घातलं. तहानलेल्या शेळ्यांनी सकाळी बादल्या रिकाम्या केल्या आणि तट्ट पोटांनी फणसाखाली येऊन उभ्या राहिल्या.

मी फांदीला काटा टांगला, गोणपाटाच्या झोळीत एकेक शेळी घातली. रत्तल चांगलेच भरत होते. काकीने तीन-चार बघितल्या आणि माझ्याजवळ आली.

“झिला, पोट बघू नको. ती पेज आसा, पाणी आसा. कणो बघ.” तिने माझा हात धरून शेळीच्या पाठीकडे नेला.

मी हात काढून घेतला. सगळा गाव बघत होता. “काकी, काटा खोटं बोलत नाही,” मी म्हणालो.

बाया खाली बघू लागल्या. एकीने जरी तोंड उघडलं असतं तर! पण दोष त्यांच्यावर कशाला ढकलू? सांगणारीने सांगितलं होतं. मी ‘प्रकृती समाधानकारक’ असं लिहून सही ठोकली आणि मोकळा झालो.

कुंपण राहिलं. मृगाच्या आधीच दहा-बारा शेळ्या मेल्या, उरलेल्या लोकांनी विकून टाकल्या. तरीही घरोघरची माणसं काकीला जेवायला बोलवायची. ती जायची नाही. “राखूक शेळी नाय, मग जेवूक खंय येव?” म्हणायची. हे माझ्या कानावर येत होतं, आणि ती शिव्या देईल म्हणून मी ती पाणंदच टाळत होतो. बदली झाली तेव्हा निरोपही घेतला नाही. त्या भ्याडपणाची आजही लाज वाटते.

सात-आठ वर्षांनी मालवणात काम निघालं, तेव्हा धीर करून गेलो. तोवर काटा पेटीत पडला होता. कुठेही गेलो तरी मी शेळीचा कणाच आधी बघत असे. वाटेत एका बाईंना काकीबद्दल विचारलं. “काकी मां? बरी आसा,” त्या म्हणाल्या.

काकी पडवीत बसली होती. लुगडं नीटनेटकं, तोंड भरल्यासारखं दिसत होतं. डोळे अधू झाले होते. मी वाकलो, तसा अंगठा कण्यावर आला.

“भरलस रे, झिला.” आवाजाआधीच तिने ओळखलं.

“काकी, जेवलात?”

“जेवलंय मां. आताच.”

चूल थंडगार होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा. वळलेल्या मुठीवर लागतं तसं बोटांना लागलं, एकेक मणका वेगळा. मला हात उचलवेना.

तिनेही तो दूर केला नाही. “आता कळता तुका,” ती म्हणाली. “पण आता कागद कोणाक लिवतलस?”