मधूभाईंनी बटण दाबलं नव्हतं

मधूभाईंवर काहीतरी लिहा, असं कंपनीतले जुने सोबती मला नेहमी सांगतात. भेटलो की त्यांचे किस्से निघतात, मीही दोनचार सांगतो, आणि लेथचा विषय आला की पाणी प्यायला उठतो. इतकी वर्षं मी तो विषय टाळत आलो. त्या लेथची जी हकिगत सगळ्यांना तोंडपाठ आहे, ती पहिल्यांदा मी सांगितली होती आणि ती खोटी आहे.

ज्यांनी मधूभाईंना पाहिलं नाही त्यांना आधी एवढं सांगायला हवं, की ते भित्रे होते आणि ते लपवत नसत. कुठेही गेले की पहिल्यांदा बाहेर पडायची वाट शोधत. मग ते हॉटेल असो, मांडव असो की दवाखाना. "आदी दार बगायचं, मग खुर्ची," म्हणायचे. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका केमिकल कंपनीत मी वायरमन होतो आणि ते प्लँटवर ऑपरेटर. चिंचणीहून सायकलने यायचे. मशीनजवळ उभे असले तरी त्यांचा एक पाय जिन्याकडे वळलेला असे. चहाच्या भोंग्यालाही दचकत.

"चाचा, भागो मत, चाय का भोंगा है," पोरं ओरडायची.

"भागूंगा," मधूभाई शांतपणे म्हणत. "चाय भी उधरच है."

मी एकदा विचारलं, "स्वतःच्या लग्नात मागचं दार बघून ठेवलं होतं का?"

"बगलेलं. पन तितं सासरा उबा होता."

"घाबरनारा मानूस संध्याकाळी घरी जेवतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एका पाळीत पाइपाचा जोड सुटला आणि पिवळट धूर खाली उतरू लागला, तेव्हा सगळ्यात आधी पळाले ते मधूभाईच. पण वाटेत थांबून ते आम्हाला हाका मारू लागले, "तिकडं नको, वारा तिकडंच चाललाय." मी नेमका तिकडेच पळत होतो. त्या संध्याकाळी सरावलीच्या माझ्या खोलीत मी भात कालवला आणि न जेवता तसाच बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी मधूभाई वेळेवर हजर. "भीती हाय तशी ड्यूटी बी हाय," एवढंच म्हणाले.

निवृत्त झाल्यावर त्यांनी लाकूड फिरवून कातायचा एक छोटा जुना लेथ आणला आणि पडवीत बसवला. वाडीतली म्हातारी चिकूची झाडं पाडली होती, त्यांचं लाकूड पडून होतं. चिकूचं लाकूड कठीण, तांबूस, कातल्यावर गुळगुळीत होणारं. पहिले काही दिवस ते मोटार चालू करून उंबऱ्यापाशी जाऊन उभे राहत. मग लाटणी झाली, भोवरे झाले, पुढे वाडगे होऊ लागले. एका दुपारी चेहऱ्यावरचा भुसा पुसत ते मला म्हणाले, "दत्ता, या मशीनला मी भीत नाय. जनमातली पयली वस्तू."

आतून त्यांच्या पत्नी सुमनवहिनी म्हणाल्या, "मंजे मला अजून भितात."

वाडगा पॉलिश पेपरने कितीही घासला तरी त्यावर बारीक लव राहायची. मी सांगितलं की मोटार उलटी फिरवून घासलं की लव निघून जाते. उलटं फिरवायचं बटण मी बसवून देतो. मोटारीतल्या दोन वायरी अदलाबदल करायच्या, त्यासाठी एक स्विच लावायचा, एवढंच काम. मधूभाईंनी वाकून लेथ निरखला. वाडगा ज्या लोखंडी ताटलीला स्क्रूने बसवलेला असतो, ती ताटली मशीनच्या दांड्यावर बाटलीच्या झाकणासारखी आट्यांवर फिरवून बसते. सुलटं फिरताना ती घट्ट होत जाते.

"उलटं फिरवलं तर सुटंल ना रे?" त्यांनी विचारलं.

"तिला एक अडकवायचा स्क्रू मारू. आधी मोटार उलटी फिरते का ते तर बघू."

मी स्विच जोडला. माझी चूक इथे झाली. आम्ही वायरमन मोटार कुठल्या बाजूला फिरते तेवढं बघतो. तिच्या पुढे काय जोडलंय ते फिटरचं काम, अशी आमची सवय. वाडगा काढून ठेवून बघायला हवं होतं. मोठा, ओला, जड वाडगा तसाच ताटलीवर होता.

मधूभाई भिंतीपाशी जाऊन उभे राहिले. मी हसलो. "अहो, वाघ आहे का तो? या मशीनला भीत नाही म्हणालात ना?"

ते जवळ आले. माझ्या त्या बोलण्यावर आले. मी बटण दाबलं.

दांडा उलटा फिरला, जड वाडगा क्षणभर जागीच राहिला आणि ताटलीचे आटे सुटले. मग काहीतरी खडखडलं आणि मधूभाई खाली पडलेले दिसले. वाडगा पडवीभर भिंतींवर आपटत फिरत होता. मोटार बंद करायचंही मला सुचलं नाही.

वहिनी विहिरीवरून धावत आल्या. "काय झालं? चालू कोनी केलं?"

"त्यांनीच," मी म्हणालो. "घाबरले आणि बटण दाबलं गेलं."

मी हे ठरवून म्हणालो नाही. भीतीने तोंडात जे पहिलं आलं ते बाहेर पडलं. पण कोणी दुसरा प्रश्नच विचारला नाही, हे मला आजही सलतं. वहिनींनी, मुलाने, शेजाऱ्यांनी, सगळ्यांनी लगेच मान्य केलं. मधूभाईच ते, घाबरले असणारच.

बोईसरच्या दवाखान्यात त्यांचा डावा डोळा गेला. डोक्यालाही मार होता. ती दुपार त्यांच्या आठवणीतून पुसली गेली होती. डॉक्टर म्हणाले, आठवेल किंवा नाहीही आठवणार. तेव्हापासून त्यांच्या घराची पायरी चढताना मी आधी त्यांचा चेहरा बघायचो. ते माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिले की वाटायचं, आठवलं. "दत्ता," अशी हाक आली की माझी नजर दाराकडे जायची. पण त्यांना आठवलं नाही. त्यांनी माझं ऐकलं आणि त्यावर विश्वास ठेवला.

लेथवर गोणपाट पडलं. मी बसवलेल्या वायरी काढून टाकल्या, आणि नीट चालवायला मदत करतो म्हणालो. "नको," ते म्हणाले. "माज्या हाताचा भरवसा नाय." पुढे पुढे पंख्याचं बटणही ते वहिनींना दाबायला सांगत. हात पुढे करायचे आणि मागे घ्यायचे. डोळा अपघातात गेला, पण त्यांचा हात माझ्या एका वाक्याने नेला.

शेवटी ते छातीच्या दुखण्याने अंथरुणाला लागले. मी भेटायला गेलो तो ठरवून गेलो. रिक्षात बसून मनातल्या मनात वाक्य घोकत गेलो. वहिनी चहा ठेवायला आत गेल्या आणि मी तोंड उघडणार तेवढ्यात मधूभाईंनी माझं मनगट धरलं.

"दत्ता, एक राहिलं हाय. त्या दिशी तुला लागलं असतं तर? माज्या घाबरटपनापायी तुजा जीव गेला असता. मला रोज भ्याव वाटते त्याचं. माफ कर मला."

त्यांचा एकच डोळा माझ्यावर होता. मी घाबरलो. आतल्या खोलीत कपबशा वाजल्या.

"केलं माफ, मधूभाई," मी म्हणालो. "विसरून जा आता."

त्यांनी मनगट सोडलं आणि त्यांना बरं वाटल्यासारखं दिसलं. मी चहा पिऊन निघालो. नंतर निरोप आला तो ते गेल्याचाच.

सुमनवहिनी आहेत, मुलगा आहे. त्यांनी हे वाचावं. ज्यांनी वाचायला हवं होतं ते नाहीत, म्हणून रिक्षात घोकलेलं ते वाक्य इथे लिहितो. मधूभाई, तुम्ही बटण दाबलं नव्हतं. तुम्ही घाबरला नव्हतात. तुम्ही माझ्या बोलण्यावर जवळ आलात आणि बटण मी दाबलं. मला माफ करा.