व्हरांडा गावाला नेता येत नाही

आमच्या दवाखान्यात किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. कोपऱ्यातल्या मोडक्या कुबड्यांसारखे ते आपोआप साठतात. फेकायला जीव होत नाही, आणि ठेवले तर पायात येतात.

स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली असतील. गोंदियात आमचा छोटासा दवाखाना, आणि दर पावसाळ्यात नागपूरहून डॉक्टरकी शिकणारी चार-पाच पोरं दोन महिन्यांसाठी माझ्या गळ्यात पडायची. कापायला आणि शिवायला ती तिकडे शिकायची. कापून-शिवून झाल्यावर माणसानं जगायचं कसं, हे शिकवायला मी! खरं सांगतो, थकून गेलो होतो. दरवर्षी तेच लेक्चर आणि तेच वाक्य, "आधी तोल, मग पाऊल." पेशंटला तेच, पोरांना तेच. एकदा बाजारात बायको घसरली, तर तिलाही तेच म्हणालो. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

*

त्या वर्षीच्या पोरांत सबनीस म्हणून एक हुशार मुलगा होता. सगळं पाठ! पहिल्याच दिवशी मी वॉर्डात विचारलं, "पेशंट बरा झाला, असं कधी म्हणायचं?"

"टाके निघाले आणि जखम भरली की, सर!"

शेजारच्या खाटेवर बिसन होता. तिरोड्याकडचा, दुसऱ्याच्या जमिनीवर धान पिकवणारा. राइस मिलच्या पट्ट्यात सापडून त्याचा डावा पाय गुडघ्याखाली गेला होता. जखम छान भरली होती. तो उठून बसला.

"मंग मी बरा झालो म्हणता का जी? तं पाय कुठी आहे माहा?"

सबनीसनं वही चाळली. वहीत पाय नव्हता.

बिसनला घाई होती. जमिनीच्या मालकानं निरोप धाडला होता, की रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवशी चिखलात उभा दिसलास तर जमीन तूच कर, नाही तर मी दुसऱ्याला देतो. घरी बायको, म्हातारी आई, दोन पोरी. "डाक्टर, उभा तं करा," एवढंच तो रोज म्हणायचा. मला ते रोज ऐकवत नसे.

*

माझा एक नियम होता. प्रत्येक विद्यार्थ्यानं एक दिवस आपला एक पाय मागे दुमडून बांधायचा आणि कुबड्यांवर काढायचा. सबनीसनं सकाळी अंगणात दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाला, "सोपं आहे, सर."

मग तो संडासात गेला. अर्धा तास झाला, बाहेर येईना! उकिडवं बसायचं कसं आणि बसलंच तर उठायचं कसं, हे पुस्तकात कुठंच नव्हतं. शेवटी आतून हाका ऐकू आल्या. आमच्या आया गोदाबाईंनी दाराला खांद्यानं धक्का दिला, कडी तुटली, आणि त्यांनी त्याला काखेत धरून बाहेर आणलं.

"सर," तो घामानं डबडबलेला, "हे सिलॅबसमध्ये नाही!"

"बिसनच्या सिलॅबसमध्ये रोज आहे," मी म्हणालो. कडी मलाच बसवावी लागली.

*

सीताबाईच्या उजव्या हातावरून वारं गेलं होतं. बिड्या वळणारी बाई. सबनीसनं तिला रबरी चेंडू दिला आणि रोज शंभर वेळा दाबायला सांगितला.

"मी का पोट्टी आहो? चेंडू कायले?" तिनं तो खाटेखाली टाकून दिला.

मी थकल्या आवाजात म्हणालो, "अरे, तिला तेंदूपत्ता-तंबाखू आणून दे." त्यानं आणला. पहिल्या दिवशी पानं नुसती फाटली. तिसऱ्या दिवशी अंगठा हलला. पंधराव्या दिवशी सबनीस नाचतच आला, "सर, बोटं चालतात!"

बोटं चालत होतीच! अख्खा पुरुष वॉर्ड धुरानं भरला होता. मधोमध सीताबाई बिड्या वळत बसलेली, आणि डोळे पुसत गोदाबाई ओरडत होत्या, "डॉक्टर, हा दवाखाना आहे का कारखाना?"

*

बिसनचा लाकडी पाय मनसाराम मिस्त्रीनं केला. हा रेल्वेत डब्यांची सुतारकी करून निवृत्त झालेला माणूस, बोलणं कमी. मापं सबनीसनं पुस्तकातून काढून दिली. पाय सुबक झाला. बिसन व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला, पोरांनी टाळ्या वाजवल्या. सबनीसनं केसपेपरवर लिहूनही टाकलं, 'रिहॅबिलिटेशन कम्प्लीट'.

बिसन मात्र खाली फरशीकडे बघत होता.

"डाक्टर, हा व्हरांडा माह्या गावाले न्यावा लागंल."

घरी जाऊन माणसानं जगायचं कसं, हेच इतकी वर्षं मी शिकवत होतो, आणि टाळ्या मीही वाजवल्या होत्या. मला माझीच लाज वाटली.

*

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीसकट सगळ्यांना घेऊन मी बिसनच्या गावी गेलो. तिरोड्यापर्यंत रेल्वे, पुढे बैलबंडी. बिसन धानाच्या चिखलभरल्या बांधीत उतरला, दोन पावलं टाकली, तिसरं उचललं. माणूस वर आला, पाय चिखलातच राहिला! कोणी हसलं नाही. त्याची बायको बांधावर उभी होती, तिनं तोंड फिरवलं. सबनीसनं कोपरापर्यंत हात घालून पाय उपसला, आणि त्याचे डोळे भरून आले.

शेजारच्या बांधीत हल्या, म्हणजे रेडा, चिखलणी करत होता. बिसन त्याच्याकडे बघत म्हणाला, "येवढा जड गडी, पाहा. तो काऊन फसून नाही राहिला?"

मनसाराम मिस्त्री उठला आणि हल्याच्या मागं मागं चिखलात वाकून चालायला लागला. बराच वेळ चालला. परत येऊन म्हणाला, "खूर दाबला का फाकते. उचलला का मिटते."

आठ दिवसांत त्यानं पायाखाली बिजागरीच्या दोन फळ्या बसवल्या. दाबल्या की उघडायच्या, उचलल्या की मिटायच्या. सबनीसनं केसपेपरवरचं 'कम्प्लीट' स्वतःच खोडलं.

*

रोवण्याच्या दिवशी मालक सकाळीच बांधावर हजर. पांढरंशुभ्र धोतर, हातात छत्री. बाया ओळीनं वाकून रोवत होत्या आणि बिसन त्यांना पऱ्ह्यांच्या, म्हणजे रोपांच्या, पेंड्या पोचवत होता. फळ्या उघडत होत्या, मिटत होत्या.

"हे काही खरं नाही," मालक म्हणाला. "खाली दगड टाकून ठेवले असतील!"

"उतरून पाहा ना जी," बिसन म्हणाला.

मालक उतरला. पहिल्या पावलाला पोटरीपर्यंत, दुसऱ्याला गुडघ्यापर्यंत. जोडा गेला, छत्री गेली. बाया रोवणं सोडून उभ्या राहिल्या.

"अरे, बघतोस काय? जमीन तूच कर, जा! पण मला आधी बाहेर काढ!"

बिसन सावकाश त्याच्याजवळ आला आणि हात पुढे केला.

"घाई नोका करू, मालक. आधी तोल, मंग पाऊल."