तळाची ओळ

"रस्त्यापलीकडून वाचता येत नाही ते अक्षर नव्हे, डाग," असं आमचा पेंटर उठता-बसता म्हणायचा. भिंती रंगवण्यात त्याची चाळीस वर्षं गेली. आधी शिरोरेघ ओढायची, मग तिला अक्षरं टांगायची. रंगवताना तो मजकूर वाचत नसे. वाचलं की हात अडखळतो, म्हणे.

छापील फलक आले आणि त्याची कामं आटली. तेव्हा बँकेचा माणूस तीस भिंतींचं काम घेऊन आला. वर हातभर अक्षरांत ‘खातं उघडा, एक पैसाही खर्च नाही’, शेजारी चांदणी. आणि तळाशी, गटाराला लागून, तशीच चांदणी लावून बोटाच्या पेराएवढी एक ओळ.

"साहेब, हे डाग होतील."

"होऊ द्या की! तुम्हाला पैसे भिंतीचे मिळणार."

पेंटरनं पोटावर पडून ती ओळ तीस वेळा काढली. वाचली एकदाही नाही.

त्याची थोरली बहीण इस्त्रीचं दुकान चालवते. तिनं विचारलं, "खरंच काही कापत नाहीत ना रे?"

"अक्का, माझ्या हातानं लिहिलंय."

एवढ्यावर तिनं डोळ्याच्या ऑपरेशनसाठी साठवलेले चार हजार बँकेत टाकले. वर्षानं पासबुकात सोळाशे उरले होते.

पेंटर भिंतीकडे धावला. गवत सारून त्यानं आपलंच अक्षर पहिल्यांदा वाचलं: पाच हजारांखाली शिल्लक गेल्यास दरमहा दोनशे रुपये. त्यानं तिथल्या तिथे तीच ओळ लाल रंगात हातभर काढली.

दुपारी बँकेच्या माणसानं तेवढ्यावरच चुना फासून घेतला. "आम्ही खोटं कुठं बोललो? तळाशी लिहिलंय की. आणि अक्षर कुणाचं, पेंटर?"



संध्याकाळी मी कपडे आणायला गेलो, तेव्हा तो ब्रशचा डबा अक्काच्या टेबलावर ठेवत होता.

"हे वीक."

"कोण घेतंय ते खराटे!" ती म्हणाली. मग हळूच, "डोळ्याचं बघू पुढच्या वर्षी."

तो डबा तिथंच सोडून निघाला. अक्का दारात येऊन बघत राहिली. रस्ता ओलांडेपर्यंत तिला भाऊ दिसत होता, पलीकडे नुसता एक डाग. तो कुठल्या गल्लीत वळला, ते मला सांगावं लागलं.