उचकीला नावं घेत बसलो

"लीक आहे. आजच पोट पुन्हा उघडावं लागेल," सीटी स्कॅन बघत सर्जन म्हणाले. ऑपरेशननंतरचा पाचवा दिवस होता. मला रडू आलं नाही, संताप आला. तो अजून उतरलेला नाही.

माझे वडील, नाना, धुळ्याजवळच्या खेड्यातले. मोठ्या आतड्यात गाठ निघाली म्हणून त्यांना माझ्याकडे जळगावला आणलं. गाठ काढून आतड्याची टोकं जोडली. ही जोड सुटली तर मळ पोटात झिरपतो. त्याला अनास्टोमोटिक लीक म्हणतात. हे मला आधी कोणी सांगितलं नाही, म्हणून तुम्हाला सांगते आहे.

तिसऱ्या दिवशी नानांना उचकी लागली. भेटायला आलेली आत्या हसली, "नाना, कोनी तरी तुनी याद करी ऱ्हायनं!" झालं! दुपारभर आम्ही नावं घेत बसलो. आठवण काढणाऱ्याचं नाव निघालं की उचकी थांबते ना! चुलते झाले, जावई झाले, व्याही झाले. मीही हसत नावं सुचवत होते. उचकी काही थांबली नाही.

चौथ्या दिवशी पोट टम्म फुगलं. तक्त्यावर नाडी एकशे वीस. सिस्टरांना विचारलं तर म्हणे, "गॅस असेल, चालवा त्यांना." मग ते आकडे लिहिता कशाला?

आणि आमचे नाना! राउंडची वेळ झाली की टोपी मागून घ्यायचे आणि हात जोडायचे. "बठ्ठं बेस शे, साहेब." सगळं छान आहे म्हणे! डॉक्टरांपुढे तक्रार केली तर त्यांचा अपमान होतो, ही त्यांची समजूत. साहेब खूश होऊन पुढच्या खाटेकडे.

पाचव्या सकाळी पुन्हा तेच. टोपी घामानं ओली, तरी हात जोडलेले. मी ओरडलेच, "खोटं बोलताहेत ते! पोटाला हात लावून बघा आधी!"

हात लावताच नाना कळवळले.

नाना वाचले. काही महिने पोटावर मळाची पिशवी राहील. दुसऱ्या ऑपरेशनबद्दल डॉक्टरांचे आभार मानते, मनापासून. पण तो हात आदल्या दिवशी का लागला नाही, हे विसरणार नाही. ती उचकी लीकचीच खूण होती, हे नंतर कळलं; माझं ते हसणंही विसरणार नाही. तुमच्या माणसाची उचकी थांबत नसेल, पोट फुगलं असेल, नाडी पळत असेल, तर डॉक्टरांची वाट अडवा.

परवा तपासणीला गेलो. "काय नाना, कसं काय?" साहेबांनी विचारलं. सवयीनं नानांचे हात जुळले.

नानांनी हात सोडले, सदरा वर केला आणि बोट ठेवून म्हणाले, "साहेब, आठे दुखस."