होडीच्या पोटाखाली वझेसर

बोईसर स्टेशनवर मी वझेसरांना प्रथम पाहिलं, तेव्हा ते हमालाशी हुज्जत घालत होते. “बरणी आडवी करू नका, आत प्राणी आहेत!” मला तर दगडाला चिकटलेल्या पांढुरक्या जाळीखेरीज काही दिसेना. “बाई, बघा तरी!” म्हणत त्यांनी भिंग माझ्या हाती दिलं. अहाहा! जाळीच्या कप्प्याकप्प्यातून इवले जीव तुरे बाहेर काढून पाणी गाळत होते. शेकडो बिऱ्हाडांची एकच चाळ! ब्रायोझोआ या प्राण्यांची आणि सरांची ओळख मला एकदमच झाली. प्राणिशास्त्राची नवखी शिक्षिका होते मी. त्या दिवशी शिष्या झाले.

तेव्हा तारापूरला वीजकेंद्राचं काम जोरात होतं. समुद्राचं पाणी ज्या नळांतून आत येणार, त्यांत हे प्राणी वस्ती करून वाट अडवतील, असं सर कळवळून सांगत. इंजिनीअरांना ते पटेना. मग नारळी पौर्णिमेला होड्या पाण्यात उतरल्या, त्याच दिवशी, हे प्राणी किती धरतात ते दाखवायला सरांनी खाडीत लाकडी फळ्या सोडल्या. होळीच्या तोंडावर इंजिनीअर त्या पाहायला येणार होते.

आदल्या दिवशी फळ्या वर ओढल्या, तर लख्ख! शेजारी तिथले कोळी, हिराजी तांडेल, हसत उभे. सणाआधी होड्या खरवडून तेल लावायची तिथली रीत.

“मास्तर, फल्यांवर लय घाण धरली होती. आमी खरवडून टाकली. पाव्हन्याचा मान पयला. आमची होडी उद्या.”

मला रडूच कोसळलं. सरांनी मात्र आधी त्यांना हात जोडले. मग एकदम ओरडले, “म्हणजे तुमची होडी अजून खरवडलेली नाही?”

“नाय!”

दुसऱ्या दिवशी ओहोटीला, इस्त्रीच्या कपड्यांतले साहेब चिखलात उताणे, होडीच्या पोटाखाली! सरांनी एक खपली काढून समुद्राच्या पाण्यात सोडली, भिंग पुढे केलं. थोरले साहेब किंचाळले, “अहो, हे तर जिवंत आहे!” नळांच्या सफाईची सोय करायची, हे तिथेच ठरलं.

आपण काय पुसून टाकलं, हे हिराजींना सरांनी आजवर कळू दिलेलं नाही. हा लेख त्यांना कुणी वाचून दाखवू नये, ही विनंती.

सर, आपण साठीचे झालात. आम्ही सारे विद्यार्थी आपल्याला चिकटूनच वाढलो. आपल्यावर वर्षांचे थर असेच निरोगी चढत राहोत, आणि मान देण्यासाठीसुद्धा ते खरवडायला कुणी न येवो!